सातपुड्याच्या बोलींचे अर्थधन



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात सर्वत्र आनंद व्यक्त झाला. तो आनंद रास्तच होता. परंतु याच महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यात, तापी आणि नर्मदा यांच्या मधल्या सातपुड्यात, अशा बोली नांदत आहेत की ज्यांच्या वाट्याला दर्जाचा विचार तर सोडाच, शाळेतील फळ्यावरची जागाही क्वचितच आली.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. भिली, पावरी, मावची, देहवाली, कोकणी अशा बोली येथे बोलल्या जातात. त्यांच्या शेजारी अहिराणी, गुजरी, गुजराती आणि मराठीही सुखेनैव नांदतात. १९४२ साली नंदुरबारच्या चौकात तिरंगा हाती धरून प्राणार्पण करणारा बालवीर शिरीषकुमार मेहता गुजराती मातृभाषेचा होता, आणि अवघ्या महाराष्ट्राने त्याला आपलाच मानले. अनेक भाषांनी एकाच मातीवर प्रेम करावे, हा या जिल्ह्याचा स्वभावधर्म आहे. म्हणूनच या बोलींच्या रक्षणाचा प्रश्न एखाद्या जमातीपुरता मर्यादित राहत नाही. तो मराठी समाजाच्याही कर्तव्याचा प्रश्न ठरतो.

बोली वाचवायची म्हणजे नेमके काय वाचवायचे? बहुतेकांच्या मनात पहिले उत्तर येते ते शब्दांचे. शब्द गोळा करावेत, त्यांच्यापुढे मराठी प्रतिशब्द लिहावेत, पुस्तक छापावे, म्हणजे काम झाले, असा समज आहे. हे काम आवश्यक आहे. परंतु ते पुरेसे नाही. शब्द जपला आणि त्याचा अर्थ हरवला, तर हाती केवळ टरफल उरते. अर्थाचा शोध ही भाषारक्षणाची पहिली पायरी आहे, हेच आजच्या मांडणीचे सूत्र आहे.

‘कझिन’ नावाची गरिबी

याचे उदाहरण शहरातील कोणत्याही मध्यमवर्गीय मराठी घरात सापडेल. इंग्रजी माध्यमात शिकणारा मुलगा पाहुण्याची ओळख करून देताना ‘हा माझा कझिन’ असे सांगतो. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ या चार निरनिराळ्या नात्यांचा त्या एका शब्दात चुराडा होतो. आतेभावाशी असलेली थट्टेची मोकळीक, मामाच्या घराचा हक्काचा जिव्हाळा, चुलत्यांशी असलेला वाडवडिलांच्या जमिनीचा संबंध, हे सारे त्या चार शब्दांच्या पोटात होते. शब्द गेला तेव्हा नात्याची जाणीवही पातळ झाली. आजी-आजोबांना याची खंत वाटते आणि ती योग्यच आहे.

आता हाच अनुभव सातपुड्यातील आजीच्या जागी उभे राहून पाहावा. तिचा नातू आश्रमशाळेतून परत येतो आणि तिच्या बोलीतील दहा शब्दांच्या जागी मराठीचा एकच शब्द वापरतो. इंग्रजीने मराठीचे जे केले म्हणून आपला समाज हळहळतो, तेच मराठीकडून भिलीचे आणि पावरीचे नकळत घडत आहे. हे सत्य मान्य करण्यास थोडे धैर्य लागते. परंतु ते मान्य केल्यावाचून पुढचे पाऊल पडणार नाही.

यास्कांची चिंता

भारताला हा प्रश्न नवा नाही. वेदमंत्रांचे उच्चार गुरुशिष्यपरंपरेने अक्षरशः काटेकोर जपले गेले. तरीही अनेक वैदिक शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात दुर्बोध झाले. निघंटूमध्ये अशा शब्दांची अर्थानुसार गटवारी झाली आणि यास्काचार्यांनी त्यावर निरुक्त रचले. मंत्रांना अर्थच नाही, असे म्हणणाऱ्या कौत्सांचा पक्षही त्यांनी प्रामाणिकपणे मांडला आणि त्याला उत्तर दिले. ध्वनी शाबूत असूनही अर्थ हरवू शकतो, ही जाणीव त्यामागे होती.

आज भ्रमणध्वनीवर कोणीही गाणे ध्वनिमुद्रित करू शकतो. इंदलच्या रात्री कळंबाच्या फांदीभोवती गायिली जाणारी पावरी गीते, होळीची गाणी, याहा मोगीची स्तवने यांच्या ध्वनिफिती आता कोणालाही करता येतील. परंतु त्यांतील जुना शब्द ज्या वृद्धाला समजतो, त्याला त्याचा अर्थ कोणी विचारून ठेवला नाही, तर पन्नास वर्षांनी त्या ध्वनिफितीपुढे बसलेल्या नातवाची स्थिती कौत्सांसारखीच होईल. त्याला सूर ऐकू येईल आणि अर्थाचे दार मात्र बंद असेल.

एका उधळ्या पुत्राची गोष्ट

इंग्रजी राजवटीत जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांचे प्रचंड सर्वेक्षण केले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका भागात भिल्ल भाषा आणि खानदेशी यांचा समावेश आहे. भिली ही मराठीची बिघडलेली बोली नसून तिचे गुजराती व राजस्थानीशी जवळचे नाते आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. आजही ‘अशुद्ध मराठी’ म्हणून या बोलींना हिणवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

परंतु त्या सर्वेक्षणाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक भाषेचा मुख्य नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर मागविले गेले. त्यासोबत स्थानिक मजकूर आणि ठरावीक शब्दांची यादी. तुलनेसाठी ही सोय उत्तम होती. परंतु परकी कथा भिलीत कशी सांगतात एवढेच भाषांतरातून कळते. भिल्ल समाज स्वतः काय सांगतो, जगाची वाटणी कशी करतो, हे त्यातून कळत नाही. प्रश्न बाहेरचा असला की उत्तरही बाहेरच्या साच्यात बसते.

विसाव्या शतकात संशोधकांनी हा साचा मोडला. हॅरोल्ड कॉन्क्लिन यांनी फिलिपाइन्समधील हनुनो समाजाचे रंगवाचक शब्द अभ्यासले आणि १९५५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुकत्याच तोडलेल्या बांबूचा ओला, चकचकीत, तपकिरी तुकडा हनुनो माणूस आपल्या ‘हिरव्या’ शब्दाने ओळखतो, असे त्यांना आढळले. त्या शब्दात रंगाबरोबर ओलावा आणि ताजेपणाही सामावला होता. केवळ ‘हिरव्याला काय म्हणता?’ असे विचारून शब्दकोश केला असता, तर हा अर्थ कधीच हाती लागला नसता.

‘लाह’ आणि ‘भोंगऱ्या’

आता सातपुड्याकडे वळू. नर्मदाकाठच्या जनजातींत ‘लाह’ नावाची परंपरा आहे. कोणाचे घर उभारायचे असते, कोणाच्या शेताचे काम अडलेले असते. गावकरी एकत्र येऊन ते पार पाडतात. मजुरी दिली जात नाही, यजमान जेवण घालतो आणि इतरांच्या वेळी स्वतः कामाला जातो. या शब्दापुढे ‘श्रमदान’ असा मराठी प्रतिशब्द लिहून मोकळे होता येईल. परंतु दानात परतफेड नसते आणि लाहमध्ये परतफेडीचे बंधन हाच गाभा आहे. ‘सहकार’ लिहावे, तर डोळ्यांसमोर सोसायटीचे कार्यालय येते. खरे पाहता मराठी शेतकऱ्यांच्या भाषेतील ‘इर्जिक’ आणि ‘सावड’ हे शब्द त्याला अधिक जवळचे आहेत. पण शहरी मराठी घरांतून तेच हद्दपार झाले आहेत. भिली शब्दाचा अर्थ शोधताना मराठीचे विसरलेले धनही असे सापडते.

अर्थ चुकला की केवळ कोश चुकत नाही, समाजाची प्रतिष्ठाही दुखावते. होळीपूर्वी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. होळीच्या खरेदीचा, ढोल-बासरीच्या नादात आप्तेष्टांना भेटण्याचा हा आनंदाचा दिवस. बाहेरच्या लेखनात मात्र त्याचे वर्णन वर्षानुवर्षे ‘मुले-मुली पळून जाण्याचा बाजार’ असे होत आले. मध्य प्रदेशात भगोरिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच उत्सवाबाबत जनजाती समाजातून या वर्णनाला वारंवार हरकत घेतली गेली आहे. एका शब्दाचा अर्थ त्या समाजाला न विचारता ठरविला, त्याचा हा परिणाम आहे.

शाळा आणि दवाखाना

हा विषय विद्वानांच्या चर्चेपुरता नाही, हे दोन ठिकाणी प्रकर्षाने जाणवते.

पहिले ठिकाण म्हणजे शाळा. भिली बोलींत अनेक ठिकाणी ‘स’च्या जागी ‘ह’ येतो. ‘सात’ म्हणताना बालक ‘हात’ म्हणाले, तर नव्या शिक्षकाला वाटते, याला अंक येत नाहीत. मुलाला अंक येत असतो. शिक्षकाला बोली येत नसते. पहिलीच्या त्या बालकाच्या मनात ‘आपल्याला काही येत नाही’ ही भावना एकदा रुजली की पुढची दहा वर्षे ती उपटून निघत नाही. भारतीय संविधानाच्या कलम ३५०-क मध्ये प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला आहे. परंतु मराठी पाठाचे शब्दशः भिलीकरण म्हणजे मातृभाषेतून शिक्षण नव्हे. मुलाच्या बोलीत माप, वजन, दिशा, ऋतू यांची मांडणी कशी आहे, हे माहीत असेल तरच गणिताचा आणि परिसर अभ्यासाचा पाठ त्याच्या ओळखीच्या अर्थावर उभा राहील.

दुसरे ठिकाण दवाखाना. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासणीनंतर एखाद्या तरुणाला सांगितले जाते, ‘तू वाहक आहेस.’ एसटीत बसताना त्याने ‘वाहक’ हा शब्द तिकीट देणाऱ्यासाठी वाचलेला असतो! वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याला सहसा त्रास नसतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि अपत्य वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते. हे न समजल्यास एक तर घरात अकारण भीती पसरते, किंवा सल्ला दुर्लक्षिला जातो. दोन्हींची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते.

अशा वेळी अर्थाचा अभ्यास उपयोगी पडतो. त्या बोलीत आजार, अशक्तपणा, रक्ताचे नाते, बियाणे, वाण यांसाठी कोणते शब्द आहेत आणि त्यांच्या सीमा कोठे आहेत? ‘बियाण्यात आहे, पण पिकात दिसत नाही’ अशी कल्पना शेतकरी समाजाला चटकन उमगेल काय? निर्णय त्या भाषेच्या लोकांनी घ्यायचा; अभ्यासकाने फक्त पर्याय आणि त्यांचे धोके समोर ठेवायचे.

अमरकोशाची वाट

मग हे काम करायचे कसे? त्याची वाट भारतीय परंपरेत आधीच आखलेली आहे. अमरसिंहाचा अमरकोश वर्णानुक्रमाने रचलेला नाही. स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग अशी त्याची रचना अर्थाच्या क्षेत्रांनुसार आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी सिद्ध केलेला राज्यव्यवहारकोशही राजवर्ग, दुर्गवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत विभागलेला आहे. आधुनिक भाषाविज्ञानही आज बोलींचे कोश करताना हाच मार्ग अवलंबते: अर्थाची क्षेत्रे ठरवायची, जाणत्या भाषकांचा गट बसवायचा आणि एका वेळी एकच क्षेत्र घ्यायचे. एक शब्द निघाला की शेजारचे दहा शब्द आपोआप ओठांवर येतात, कारण माणसाच्या स्मृतीत शब्द वर्णानुक्रमाने राहत नाहीत; ते अर्थाने एकमेकांना धरून असतात.

प्रत्येक शब्दाला विचारायचे प्रश्नही साधे आहेत. हा शब्द कशासाठी वापरतात? कशासाठी मुळीच वापरत नाहीत? याच्या जवळचा शब्द कोणता आणि दोहोंत फरक काय? कोण कोणाशी बोलताना तो वापरतो? तो असलेले एक वाक्य, एक म्हण, एक गाणे कोणते? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की शब्द अर्थासह जिवंत नोंदला गेला.

या नोंदीला शेताचा बांध हे उत्तम ठिकाण आहे. धडगाव तालुक्यात ‘बाएफ’ या संस्थेने ग्रामस्थांच्या सहभागातून मका व ज्वारीचे पारंपरिक वाण गोळा करून बीजबँकेच्या रूपाने जपले आहेत. प्रत्येक वाणाला बोलीत नाव असते. ते रंगावरून पडले, पिकण्याच्या काळावरून, की भाकरीच्या चवीवरून? बी वाचले आणि नाव गेले, तर त्या बियाचे शहाणपण अर्धे संपले. नाव वाचले आणि बी गेले, तर तो शब्द पोरका झाला. दोन्ही एकत्र जपावी लागतील.

यात काळाशी स्पर्धा आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसली. धरणाच्या आवश्यकतेचा वाद येथे करण्याचे कारण नाही. परंतु नदीकाठचा खडक, डोह, उतार, चढ, पाणवठा यांसाठी असलेले शब्द नव्या वसाहतीतील मुलाला कोठे दाखविणार? ते शब्द ज्यांनी त्या काठावर उभे राहून वापरले, ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

नवे शब्द, स्वतःच्या मुळांतून

जुने जपणे ही अर्धी बाजू झाली. जिवंत भाषेला नव्या गोष्टींसाठीही शब्द हवे असतात. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मराठीला दिनांक, महापौर, दिग्दर्शक असे शब्द दिले आणि ते इतके रुळले की त्यांचा कर्ता कोण, हेही अनेकांना ठाऊक नसते. हिब्रू भाषिकांनी आपल्या प्राचीन धर्मग्रंथातील तेजोवाचक ‘हश्मल’ हा शब्द उचलून विजेला दिला. न्यूझीलंडच्या माओरी समाजाने १९८२ पासून आजी-आजोबांच्या सहवासात चालणाऱ्या भाषेच्या बालवाड्या सुरू केल्या; संगणकासाठी त्यांनी ‘रोरोहिको’ म्हणजे ‘विजेचा मेंदू’ हा शब्द आपल्याच दोन शब्दांतून घडविला.

भिली-पावरीतही हे होऊ शकेल. मात्र मराठीने जसे आपल्या मुळांतून शब्द घडविले, तसेच या बोलींनी आपल्या मुळांतून घडवावेत. पुण्या-मुंबईत बसून तयार केलेले शब्द त्यांच्यावर लादणे हे रक्षण नव्हे. आपल्या शब्दांत कोणता अर्थ किती ताणता येतो, हे त्या भाषेच्या माणसालाच कळते.

आता यंत्रेही या क्षेत्रात उतरली आहेत. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ ही भाषांतर प्रणाली प्रायोगिक स्वरूपात खुली केली. संथाली, मुंडारी, गोंडी यांच्याबरोबर तीत भिलीचाही समावेश आहे. ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु यंत्र जे वाचते आणि ऐकते, तेच शिकते. २०११ च्या जनगणनेत भिलीच्या शीर्षकाखाली एक कोटी चार लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले आणि त्यांत पावरी, मावची, वसावा, बारेली अशा अनेक मातृभाषा एकत्र मोजल्या गेल्या. झाबुव्याच्या भिलीवर शिकलेल्या यंत्राला नवापूरची मावची कशी कळणार? तोरणमाळच्या आजीचे वाक्य जर त्या यंत्रापर्यंत पोहोचलेच नाही, तर भविष्यात तिच्या नातवाला यंत्र दुसऱ्याचीच भिली शिकवील.

घरापासून सुरुवात

गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आणि राज्यातील बोलींचा मोठा पट त्यातून समोर आला. पायाभरणी झालेली आहे. आता गावोगावच्या हातांची गरज आहे.

सातपुड्यात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्याने, आश्रमशाळेच्या शिक्षकाने, आरोग्यसेविकेने एवढेच करावे: एक वही ठेवावी, महिन्याला एकच वर्ग निवडावा. या महिन्यात नाती, पुढच्या महिन्यात धान्ये, मग वनौषधी, मग पाण्याची रूपे. लिहिणारा शक्य तो त्याच गावचा तरुण असावा. वृद्धाचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे आणि वहीची पहिली प्रत गावातच राहावी. ते धन गावाचे आहे, नोंदणाऱ्याचे नव्हे. गुपित ठेवायच्या औषधीचे वा पूजाविधीचे ज्ञान असेल, तर ते लिहायचे की नाही, हे गावाने ठरवावे.

शहरातील कुटुंबांनीही काही करावे. नंदुरबारकडचा विद्यार्थी शेजारी राहायला आला, तर त्याच्या बोलीला हसू नये. आईला त्याच्या घरी काय म्हणतात, ते मुलांना त्याच्याकडून शिकू द्यावे. तो ‘याहा’ म्हणेल. तोच शब्द सातपुड्याच्या कुलस्वामिनीच्या, याहा मोगीच्या नावात आहे. देवमोगऱ्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत जाणारे हजारो भाविक त्या एका शब्दात जन्मदात्रीलाही हाक मारतात आणि जगन्मातेलाही. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘आई’ एवढेच लिहिलेले असेल. ते चूक नाही, पण अपुरे आहे. उरलेला अर्थ अद्याप सातपुड्यातील घराघरांत बोलला जात आहे. तो सांगणारे हयात आहेत तोवर जाऊन विचारावा, एवढीच विनंती.